उकव्याची दुसरी इयत्ता

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता डोंगराळ मुलखात शिरला की रानाच्या कडेला वसलेले उकवा हे गाव लागते. गाव लहान; पण त्याच्या पोटात मँगनीज आहे, म्हणून पोलादाच्या व्यवहारात त्याचे नाव ठाऊक आहे. तेथील भूमिगत खाण आज ज्या सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे, तिचे मूळ १८९६ साली निघालेल्या एका इंग्रजी संस्थेत सापडते, आणि तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. उकव्याच्या खनिजाचा हिशेब अशा रीतीने मराठी मुलखात मांडला जातो. उकव्याच्या मराठी मुलांचा हिशेब मात्र कोणीच मांडीत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

काही दिवसांपूर्वी एका अशिलाच्या कामानिमित्त आम्हांस त्या गावी मुक्काम करावा लागला. यजमान खाणीतले कामगार, घर मराठी. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला आणि म्हातारी आजी व दुसरीतली नात परवचा म्हणावयास बसल्या. आजीने अंक म्हणावेत, नातीने ते मागून म्हणावेत, असा क्रम चालला होता. "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास," आजी म्हणाली. नात थांबली. "आजी, असं नसतं. उनचास असतं. तुला येत नाही." सारे घर हसले. आम्हीही हसलो. म्हातारी मात्र हसली नाही. तिने पदर सावरला आणि पुढचे अंक नातीलाच म्हणावयास सांगितले. त्या दिवसापुरते तिचे गुरुपद संपले होते.

परतीच्या वाटेवर त्या हसण्याची आम्हांस लाज वाटू लागली. मुलीचे काही चुकले नव्हते. शाळेत जे शिकविले तेच तिने सांगितले होते. आजीचेही चुकले नव्हते. मग चुकले कोणाचे? आमच्या मते चुकले ते आम्हां वडीलधाऱ्यांचे, आणि पोरवयातली गंमत म्हणून त्यावर पांघरूण घालण्याचा आम्हांस अधिकार नाही.

प्रथम, दुसरीत मूल शिकते तरी काय ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३ साली या इयत्तेसाठी जी पुस्तके काढली, त्यांत हिंदी भाषेचे 'सारंगी', गणिताचे 'आनंदमय गणित' व इंग्रजीचे 'मृदंग' ही आहेत. परिसराचे, म्हणजे झाडे, पाणी, शेजार, सण, बाजार यांचे ज्ञान या वयात वेगळ्या पुस्तकातून द्यावयाचे नसते. ते भाषेत आणि गणितातच विरघळलेले असते. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जी निपुण भारत मोहीम सुरू केली, तिच्यात दुसरीच्या अखेरची उद्दिष्टे घालून दिली आहेत. अपरिचित मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने अर्थ समजून वाचता यावा. ९९९ पर्यंतचे अंक लिहिता-वाचता यावेत. ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी. उद्दिष्टे माफक आहेत आणि रास्तही आहेत. मात्र त्यांतील 'अर्थ समजून' या दोन शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात विषय अनेक असतात. पण सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर दुसरीत विषय एकच आहे, आणि तो म्हणजे भाषा. वजाबाकीचे शाब्दिक उदाहरण हे आधी वाक्य असते, मग गणित. पाऊस का पडतो हे आधी गोष्ट असते, मग विज्ञान. वरच्या वर्गातला विद्यार्थी इतिहासात कच्चा असूनही गणितात पहिला येऊ शकतो. दुसरीत ती सोय नाही. येथे भाषेचा पाया हलला की सर्व विषय एकदम हलतात. आणि दुर्दैव असे की बाहेरून पाहणाऱ्याला ते भाषेचे अडणे दिसत नाही. 'गणितात कच्ची', 'मंद', 'लक्ष देत नाही' असेच शेरे दिसतात.

उकव्यातल्या मराठी मुलाचे नेमके काय अडते? प्रथम अक्षरांकडे पाहू. हिंदीच्या नित्याच्या वर्णमालेत 'ळ' नाही. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून नाही. त्याबद्दल हिंदीला बोल लावण्याचे कारण नाही. पण ज्या मुलाच्या घरात बाळ, डोळा, केळी, वेळ, खेळ हे शब्द दिवसभर चालतात, त्याच्या जिभेवरचा हा वर्ण त्याच्या पाटीवर उतरतच नाही. 'शाळा' आणि 'फळा' हे शब्द त्याला शाळेत बसून, फळ्याकडे पाहून लिहिता येत नाहीत. 'देऊळ' लिहिता येत नाही. 'कळले' हे क्रियापदही लिहिता येत नाही. आणि शिक्षकाने दिवसातून दहा वेळा विचारावयाचे ते तर नेमके हेच, कळले का म्हणून! आमच्या कोकणी वाचकांस याचे मर्म सांगावयास नकोच. त्यांच्या भाषेतून 'ळ' काढून टाकला तर काय उरेल, हे त्यांनी मनाशी करून पाहावे.

अंकांचे दुखणे याहून खोल आहे. जून २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्याच गणिताच्या पुस्तकावरून केवढे रण माजले होते, ते वाचकांस आठवत असेल. बालभारतीच्या पुस्तकाने 'एकवीस, बावीस' यांऐवजी 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन पुढे आणले. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांस जड जातात, आणि मराठीत एकक आधी बोलून दशक नंतर बोलण्याची रीत असल्याने ऐकणे व लिहिणे यांची दिशा उलटी होते; 'पंचवीस' ऐकून मुलाच्या हातून पाच आधी उमटतो. विधिमंडळापासून पारापर्यंत वाद झाला, चेष्टा झाली, संताप झाला. त्यात कोणाचा पक्ष खरा, हा आजचा प्रश्न नाही. पण दोन्ही पक्षांस एक गोष्ट मान्य होती: दुसरीत अंकाचा उच्चार ही क्षुल्लक बाब नव्हे.

आता उकव्याकडे पाहा. एकक आधी, दशक मागून, ही अडचण हिंदीतही आहेच. शिवाय मराठीत एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी 'एक उणे' सांगणारी उघड खूण आहे. हिंदीत उनचास, उनसठ, उन्यासी असे रूप आणि मग एकदम नवासी. घरी पंचेचाळीस, शाळेत पैंतालीस. घरी पंचावन्न, शाळेत पचपन. शंभर नावांची एक अनियमित माळ पाठ करणे हेच सात वर्षांच्या जिवाला पुरेसे काम असते. या मुलाच्या गळ्यात अशा दोन माळा, आणि पहिली पक्की होण्याआधी दुसरी! महाराष्ट्रात ज्या ओझ्याच्या निम्म्यावर विधिमंडळ पेटले, ते पूर्ण ओझे उकव्यातले मूल मुकाट्याने वाहते.

तिसरी गोष्ट शब्दांची. दोन भाषा सख्ख्या बहिणी, लिपी एक, म्हणून सर्व सोपे, असे म्हणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जेथे शब्द अगदी वेगळा असतो, तेथे मूल विचारते. जेथे शब्द सारखाच पण अर्थ निराळा, तेथे ते विचारीतही नाही, निमूटपणे चुकते. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. आमच्या घरी चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत 'संसार' म्हणजे जग. आमच्याकडे संसार म्हणजे चूल, भांडी आणि माणसे. आणि हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण! मराठी मुलाने शाळेच्या भिंतीवर लिहिलेला हा शब्द पहिल्यांदा वाचून काय समजावे? आम्ही वकिली करतो. शिक्षा या शब्दाचा मराठी अर्थ आम्हांस नित्य ऐकावा लागतो. त्या मुलांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच खरे होत असावेत, अशी शंका आम्हांस येऊ लागली आहे.

आता पूर्वपक्ष ऐकून घेऊ. एकतर्फी निकाल आम्हांस मान्य नाही.

पहिले म्हणणे असे: "मध्यप्रदेशात राहावयाचे तर हिंदी आलीच पाहिजे, तीच पोटाची भाषा." हे शंभर टक्के खरे आहे. आम्ही स्वतः त्या राज्यातील न्यायालयांत हिंदीतच अर्ज लिहितो, आणि त्या भाषेचे ऋण मानतो. परंतु हिंदी शिकणे आणि हिंदीतूनच सर्व काही शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी भाषा पहिलीच्या भिंतीवर चढते. भिंत पाडून वेल चढवता येत नाही. युनेस्कोने १९५३ सालीच तज्ज्ञांच्या अहवालातून मुलाच्या शिक्षणाचा आरंभ मातृभाषेत व्हावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा प्रादेशिक भाषा माध्यम असावी असे म्हटले. आमचे मागणे या मर्यादेपलीकडे एक पाऊलही जात नाही.

दुसरे म्हणणे: "मग इंग्रजी शाळेतच घालू; हिंदी-मराठी दोन्ही कटकटी मिटल्या." यात कटकट मिटत नाही, घर मात्र आणखी एक कोस लांब जाते. हिंदीतून शिकणारी नात आजीला 'तुला येत नाही' एवढे तरी म्हणाली. इंग्रजीतून शिकणारी नात परवचाला बसणारच नाही.

तिसरे म्हणणे आमच्या वाचकवर्गात विशेष ऐकू येते, म्हणून त्यास सविस्तर उत्तर दिले पाहिजे. "गोव्यातून परागंदा झालेल्या आमच्या पूर्वजांनी शाळेवाचून भाषा टिकविली. कारवारपासून कोचीपर्यंत देव बरोबर नेले आणि देवळाच्या आधाराने कोकणी चारशे वर्षे जगली. मग उकव्याच्या मराठीला शाळा कशाला?" या इतिहासाचा आम्हांस अभिमान आहे. मट्टांचेरीत तिरुमल देवस्वमाच्या छायेत कोकणी आजही ऐकू येते, हे लहान आश्चर्य नव्हे. परंतु त्या अभिमानापोटी त्याची किंमत विसरू नये. शाळेवाचून टिकली ती बोली; लेखणी मात्र त्या त्या मुलखाच्या हवाली झाली. कोकणी देवनागरी, रोमन, कन्नड, मलयाळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत विखुरली. एका गावच्या कोकणी माणसाने लिहिलेले दुसऱ्या गावच्या कोकणी माणसाला वाचता येईना. आठव्या परिशिष्टात तिला जागा मिळण्यास १९९२ साल उजाडावे लागले. जो समाज हे सोसून आला, त्याने 'शाळेवाचून चालते' असे म्हणू नये. शाळेवाचून काय होते, याचे साक्षीदार आपणच आहोत.

चौथे म्हणणे शासनाचे: "व्यवहार्य नाही." येथे मात्र आम्हांस आमचा व्यवसाय बाहेर काढावा लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर बालाघाट व नागपूर एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. रेषा कोठेतरी काढावीच लागते आणि तिच्या पलीकडे कोणीतरी राहतेच. घटनाकारांच्या वारसदारांस याची जाण होती, म्हणून त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला गेला: भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकाऱ्याने प्रयत्न करावा, आणि त्यासाठी राष्ट्रपतींस राज्यांना निदेश देता यावेत. त्याच्याही आधी, १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने व्यवहार्यतेचे माप ठरवून दिले होते: शाळेत त्या भाषेची ४० मुले, किंवा एका वर्गात १० मुले असली, की निदान एक शिक्षक नेमावा, आणि मातृभाषा कोणती ते पालकाने सांगावे. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नेही माध्यम 'व्यवहार्य असेल तेथवर' मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले.

'प्रयत्न करावा', 'व्यवहार्य असेल तेथवर': हे शब्द पळवाटेचे आहेत हे आम्ही नाकारीत नाही. अशा शब्दांच्या आडून शासने वर्षानुवर्षे निवांत बसू शकतात. पण पळवाट असली तरी पाठलाग करणारा तर कोणी हवा! दहा पालकांचा एकत्र अर्ज शाळेपुढे ठेवला, तो नाकारला गेला, त्याविरुद्ध भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे तक्रार झाली, असे काही घडले असते, तर शासनाला दोष देण्यात अर्थ होता. आम्ही त्या मुक्कामात ज्या ज्या पालकांस विचारले, त्यांतील एकानेही असा अर्ज केलेला नव्हता. तसा अर्ज करता येतो हेही कोणास ठाऊक नव्हते. प्रवेशाच्या वेळी मातृभाषा विचारली तेव्हा काहींनी 'हिंदी' सांगितले होते. का, म्हणून विचारता उत्तर आले, "तेच बरं दिसतं, साहेब." सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात निर्णय दिला की, मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार पालकाचा आहे. जो अधिकार न्यायालयाने आपल्या हाती दिला, तो आपण कारकुनाच्या टेबलावर 'बरं दिसतं' म्हणून सोडून आलो. दावा न लावता निकालाची वाट पाहणारे असे पक्षकार आम्ही फार पाहिले आहेत. त्यांना न्याय मिळाल्याचे पाहिलेले नाही.

आणि महाराष्ट्राने तरी काय केले? एप्रिल २०२५ मध्ये तेथे पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासननिर्णय निघाला. लहान मुलांवर ओझे नको, म्हणून सारा महाराष्ट्र उठला, आणि २९ जून २०२५ रोजी सरकारला याविषयीचे दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. तो आवाज योग्यच होता. परंतु एक विषय म्हणून आलेली हिंदी ज्यांना ओझे वाटली, त्यांना सीमेपलीकडच्या मराठी मुलाचे संपूर्ण माध्यमच हिंदी आहे, याची एकदाही आठवण झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. दोन हजार वर्षांच्या भाषेचा गौरव होत असताना दुसरीतल्या मुलीला तिच्यातला 'ळ' लिहिता येत नाही, याची खंत वाटण्यासाठी कोणत्या दर्जाची आवश्यकता आहे?

येथे आम्ही आमच्याविरुद्धचा एक पुरावा स्वतःच सादर करतो. उकव्याच्या परिसरात सर्वांत मोठा अन्याय मराठी मुलावर होत नाही. तो गोंड मुलावर होतो. मराठीला शेजारी एक राज्य आहे, छापखाने आहेत, पुस्तके आहेत, आणि लिपी तरी हिंदीशी मिळती आहे. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. हिंदी तिची बहीण नव्हे, दूरची नातलगही नव्हे. आठव्या परिशिष्टात तिला आजवर स्थान नाही. त्याच दुसरीच्या बाकावर बसलेल्या गोंड मुलाला 'आकलन कमी' असा शेरा मिळत असेल, तर तो कोणाच्या आकलनाविषयी आहे, हे एकदा तपासावे लागेल. आपण आपल्या 'ळ' साठी रडावे आणि शेजारच्या मुलाची सबंध भाषा गेली तरी डोळे मिटावेत, असा न्याय आम्हांस मागावयाचा नाही. मातृभाषेचे तत्त्व खरे असेल तर ते बैगा आणि गोंड मुलासाठी आधी खरे असले पाहिजे. नसेल, तर आमच्यासाठीही नाही.

मग करावयाचे काय? आम्ही तीनच गोष्टी सुचवितो, आणि तिन्ही आपल्या हातातल्या आहेत. पहिली: प्रवेशाच्या अर्जात आणि जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात खरे ते लिहावे. जी भाषा कागदावर नाही, तिच्यासाठी शिक्षक मागता येत नाही. दुसरी: ज्या वर्गात दहा मुले असतील तेथे दहा पालकांनी एकत्र अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास आयुक्तांकडे जावे. असा अर्ज कोणी केल्यास तो लिहून देण्याचे शुल्क आम्ही घेणार नाही.

तिसरी गोष्ट देवळाची. आमच्या समाजात जेथे चार घरे तेथे देऊळ, आणि जेथे देऊळ तेथे उत्सव. वर्गणी निघते, मंडप पडतो, ध्वनिक्षेपक लागतो. मुलांना आरत्या पाठ येतात. पण छापील आरतीत 'ळ' आला की त्यांचे बोट अडते. वर्षातले काही दिवस गजबजणारा सभामंडप उरलेल्या संध्याकाळी रिकामा असतो. तेथे रोज एक तास मुलांस बसवावे. पगारी मास्तर नको, आजीच मास्तरीण. परवचा, गोष्टी, पाटीवर 'ळ'. आणि त्याच मंडपात आठवड्यातून एक दिवस गोंड आजीने गोंडीत गोष्ट सांगावी, आपल्या मुलांनीही ती ऐकावी. पूर्वीच्या काळी देवळाच्या ओसरीवरच पंतोजींची शाळा भरे. आपण काही नवे करणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा एक तास शाळेची जागा घेऊ शकणार नाही. बरोबर आहे. तो घेऊही नये. शाळेकडे मागावयाचे ते शाळेकडेच मागितले पाहिजे. पण ज्या समाजाला आपल्या मुलांसाठी स्वतः एक तास काढता येत नाही, त्याच्या अर्जावर शासनाने का विचार करावा, हे आम्हांस कोणत्याही न्यायालयात पटवून देता येणार नाही.

दुसरीत मूल पुष्कळ शिकते. ९९९ पर्यंत मोजावयास शिकते, हातच्याची वजाबाकी शिकते, इंग्रजीतली चार गाणी शिकते. उकव्यातल्या त्या मुलीने याशिवाय आणखी एक गोष्ट शिकली होती, जी कोणत्याही पुस्तकात छापलेली नव्हती आणि कोणत्याही शिक्षकाने तिला हेतूने शिकविली नव्हती: आपल्या आजीला येत नाही. पुढच्या खेपेस त्या गावी जाऊ तेव्हा दोन्ही शब्द त्या दोघींनी एकमेकींना शिकवावेत, एवढीच आमची इच्छा आहे. एकोणपन्नासही खरे आणि उनचासही खरे, एवढे त्या मुलीला कोणीतरी मोठ्या माणसाने सांगावयास हवे होते. त्या संध्याकाळी तेथे आम्ही होतो, आणि आम्ही हसलो.